फ्लॉजिस्टनला वेड्यात काढू नका

काचपात्र

रसायनशास्त्राचा इतिहास म्हटला की आपल्याकडे तो दोन परिच्छेदांत उरकतात. आधी किमयागार होते, ते शिशाचं सोनं करायच्या मागे लागले होते, मग कुणीतरी फ्लॉजिस्टन नावाची खुळी कल्पना काढली आणि शंभर वर्षं सगळे तिच्यामागे गेले, मग लॅव्हॉझिए आला, त्याने तराजू काढला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. संपला इतिहास. मला हे वाचून दरवेळी चिडायला होतं, कारण यात एका फार देखण्या कल्पनेवर अन्याय होतो आणि जी माणसं ती मानत होती ती मूर्ख ठरतात, आणि ती अजिबात मूर्ख नव्हती. म्हणून हा धागा. जरा मोठा झालाय, पण वाचा.

आता १७०० सालच्या माणसाच्या जागी बसा. ऑक्सिजन माहीत नाही, कुठलाच वायू वेगळा असा माहीत नाही, हवा म्हणजे हवा, ती आपली आजूबाजूला असते, जळण्यात तिचा स्वतःचा काही वाटा असेल हे फार थोड्यांच्या मनात आलेलं. तुम्ही ओंडका जाळता, जाळ होतो, धूर होतो आणि शेवटी मूठभर राख उरते. मग काय झालं? लाकडातून काहीतरी निघून गेलं, दुसरं काय म्हणणार! कोळसा जाळला तर राखही जेमतेम उरते, म्हणजे कोळशात ते 'काहीतरी' ठासून भरलेलं असणार. १६६९ मध्ये बेखर नावाच्या जर्मन माणसाने याला एक प्रकारची तेलकट माती म्हटलं होतं, पुढे हाले विद्यापीठात वैद्यक शिकवणाऱ्या श्टालने ती कल्पना उचलली, नीट घडवली आणि तिला फ्लॉजिस्टन नाव दिलं.

श्टालचं खरं मोठेपण पुढे आहे. तो म्हणाला की धातू तापवून त्याचं भस्म होतं (शिसं, कथील हवेत तापवत ठेवलं की चमक जाऊन भुकटी होते ते) आणि लाकूड जळतं, या दोन्ही एकच क्रिया आहेत. लोखंड गंजतं तेही तेच. आणि भस्मात कोळसा घालून भट्टीत तापवलं की धातू परत मिळतो, कारण कोळशातलं फ्लॉजिस्टन भस्मात जातं. विचार करा, चूल, लोहाराची भट्टी, गंजलेला खिळा, याला जोडणारा एक धागा त्याच्या आधी कुणाकडे नव्हता. बंद बरणीत मेणबत्ती का विझते? आतली हवा फ्लॉजिस्टनने भरून जाते, अजून घ्यायला जागा नाही. उंदीर का गुदमरतो? तेच कारण, श्वासातूनही फ्लॉजिस्टन बाहेर पडतं. आजच्या पुस्तकात ऑक्सिडेशन आणि रिडक्शन म्हणून जे शिकवतात त्याचा पूर्ण नकाशा इथे आहे, फक्त बाण उलटा आहे. आपण म्हणतो ऑक्सिजन आत आला, ते म्हणायचे फ्लॉजिस्टन बाहेर गेलं.

अडचण वजनाची होती. धातूचं भस्म मूळ धातूपेक्षा जड भरतं. काही निघून गेलं तर वजन वाढलं कसं? आणि हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. फ्रान्समधल्या जाँ रे नावाच्या वैद्याने १६३० मध्येच लिहून ठेवलं होतं की कथील आणि शिसं जड होतं ते हवेमुळे. पण ते पुस्तक फारसं कुणी वाचलं नाही. रॉबर्ट बॉईलने १६७३ मध्ये बंद काचपात्रात धातू तापवला, मग पात्राचं तोंड उघडलं, हवा सूं करून आत शिरल्याचा आवाज त्याने ऐकला, आणि त्यानंतर वजन केलं! वजन वाढलेलं दिसलं, म्हणून त्याने निष्कर्ष काढला की अग्नीचे कण काचेतून आत गेले. उघडायच्या आधी वजन केलं असतं तर... असो. ते काम लॅव्हॉझिएने १७७४ मध्ये केलं. बंद पात्राचं वजन तसूभरही बदललं नव्हतं, उघडल्यावर मात्र वाढलं.

मधल्या काळात हवा 'पकडायची' युक्ती सापडली होती हे महत्त्वाचं. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७२७ च्या सुमारास पाण्याखालून वायू गोळा करायची सोय केली. मग एडिंबराच्या जोसेफ ब्लॅकने १७५० च्या दशकात दाखवलं की मॅग्नेशिया अल्बा (मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी) तापवलं की वजन घटतं आणि घटलेलं वजन एका वायूचं असतं, आजचा कार्बन डायऑक्साईड. म्हणजे घन पदार्थात हवा 'बांधलेली' असू शकते. ही फार मोठी उडी होती. १७६६ मध्ये कॅव्हेंडिशने हायड्रोजन वेगळा केला.

आणि मग प्रीस्टली. हा धर्मोपदेशक, लीड्समध्ये त्याच्या घराशेजारी बिअरची भट्टी होती, तिथल्या पिंपांवर तरंगणाऱ्या हवेत पेटती काडी धरून तो बघत बसायचा, त्यातूनच पाण्यात वायू मुरवून सोडावॉटर करायची पद्धत त्याने १७७२ मध्ये छापली. १ ऑगस्ट १७७४ ला बोवुड हाऊसमध्ये त्याने १२ इंच व्यासाच्या भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याच्या लाल भस्मावर टाकलं. वायू निघाला. त्यात मेणबत्ती धरली तर ती भलत्याच जोमाने जळायला लागली. पुढच्या मार्चमध्ये त्याने त्यात उंदीर ठेवला, साध्या हवेत एवढ्या जागेत पाव तास तगेल असा त्याचा अंदाज होता, उंदीर अर्धा तास राहिला आणि बाहेर काढल्यावर शेकोटीजवळ ठेवला तर पुन्हा हुशार झाला. मग प्रीस्टलीने स्वतः हुंगून पाहिला आणि छातीत किती तरी वेळ हलकं वाटत होतं असं लिहून ठेवलं. त्याच्या लेखी ही फ्लॉजिस्टन काढून टाकलेली हवा, रिकामी, म्हणून ती फ्लॉजिस्टन इतक्या हावरेपणाने शोषते. बघा, किती सुसंगत आहे!

ऑक्टोबर १७७४ मध्ये तो पॅरिसला गेला आणि लॅव्हॉझिएच्या घरी जेवताना हे सगळं सांगितलं. लॅव्हॉझिए १७७२ पासूनच गंधक आणि फॉस्फरस जळताना जड होतात यावर काम करत होता, पण नेमका हवेतला कुठला भाग आत जातो ते त्याला सापडत नव्हतं.

आता मी ज्यासाठी एवढं लिहिलं ते. बाकीच्या भस्मांना धातूत परत आणायला कोळसा लागतो. त्यामुळे श्टालवाले आणि विरोधक दोघेही आपापलं म्हणणं लावू शकतात, कारण कोळशाने फ्लॉजिस्टन दिलं की ऑक्सिजन काढून घेतला हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाऱ्याचं लाल भस्म मात्र कोळशाशिवाय, नुसत्या उष्णतेने पारा होतं. मग फ्लॉजिस्टन आलं कुठून? आणि गंमत म्हणजे पारा उकळायच्या जरा खालच्या तापमानाला हवेत ठेवला तर तो हवा घेऊन लाल होतो, आणि तेच लाल भस्म अजून कडक तापवलं की घेतलेली हवा परत देतं. घेणं आणि देणं दोन्ही एकाच पदार्थात, मध्ये तिसरा कुणी नाही. लॅव्हॉझिएने ४ औंस पारा वाकड्या मानेच्या काचपात्रात घेतला, मान एका उपड्या हंडीखालच्या हवेत सोडली, आणि १२ दिवस आच बंद केली नाही. दुसऱ्या दिवशी पाऱ्यावर लाल ठिपके दिसायला लागले, चार-पाच दिवस वाढत गेले, मग थांबले. सुरुवातीला ५० घन इंच हवा होती, ४२-४३ उरली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझायची, प्राणी काही सेकंदांत मरायचे. लाल भस्म गोळा केलं, ४५ ग्रेन (वजनाचं जुनं बारीक माप) भरलं. ते वेगळं तापवलं तर साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि ७-८ घन इंच हवा मिळाली, जळण्याला आणि श्वासाला साध्या हवेपेक्षा कितीतरी सरस. ती उरलेल्या मेलेल्या हवेत मिसळली, परत साधी हवा!

फ्लॉजिस्टन मोडलं ते असं. त्याला वेड्यात काढून मोडलेलं नाही, ज्या एका पदार्थाला ते लागू करताच येईना तो शोधून मोडलं.

निवांत

सुंदर धागा, एका दमात वाचला. पण एक कळलं नाही. १७७५ पर्यंत जर हा प्रयोग कळला होता, तर लोक लगेच का नाही वळले? मी वाचलंय की पुढे दहा-पंधरा वर्षं तरी मोठमोठे लोक फ्लॉजिस्टनच धरून होते. हट्टच ना हा?

काचपात्र

निवांत, हट्ट म्हणू नका. लॅव्हॉझिएच्या बाजूला एक मोठं भोक होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. लोखंडावर सौम्य आम्ल ओता, हायड्रोजन निघतो. लोखंडाचं भस्म त्याच आम्लात टाका, काही निघत नाही, गुपचूप विरघळतं. श्टालवाल्यांचं उत्तर एका वाक्यात: धातूत फ्लॉजिस्टन आहे, ते बाहेर आलं, भस्मातलं आधीच गेलंय. कॅव्हेंडिशला तर काही काळ वाटत होतं की हा जळणारा वायू म्हणजेच फ्लॉजिस्टन. लॅव्हॉझिएकडे याला काय उत्तर होतं? काहीच नाही.

वरून प्रीस्टलीने १७८३ च्या आसपास आणखी एक प्रयोग केला. हायड्रोजनने भरलेल्या बरणीत शिशाचं लाल भस्म ठेवलं, भिंगाने तापवलं. भस्माचं चकचकीत शिसं झालं आणि वायू नाहीसा झाला. म्हणजे भस्म अधिक फ्लॉजिस्टन बरोबर धातू, डोळ्यांदेखत! तुम्ही तिथे उभे असता तर तुम्हीही टाळ्या वाजवल्या असत्या. त्या क्रियेत पाणी तयार होत होतं, पण बरणीच मुळात पाण्यावर उपडी घातलेली, दिसणार कसं.

ते भोक पाण्यानेच बुजलं. कॅव्हेंडिशने हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण पेटवून पाणी मिळवलं होतं, ती बातमी त्याचा सहाय्यक ब्लॅग्डनने १७८३ च्या जूनमध्ये पॅरिसला आणली, लॅव्हॉझिए आणि लाप्लासने लगेच प्रयोग करून बघितला. मग उलट बाजू, लालबुंद तापलेल्या बंदुकीच्या नळीतून पाण्याची वाफ सोडली, लोखंडाने ऑक्सिजन ठेवून घेतला आणि पलीकडून हायड्रोजन बाहेर आला. पाणी संयुग आहे हे कळल्यावर आम्लातला तो हायड्रोजन पाण्यातून येतो असं म्हणता आलं. त्यानंतर मात्र लोक झपाट्याने वळले. १७८७ ला रासायनिक पदार्थांची नवी नावं आली, १७८९ ला लॅव्हॉझिएचा ग्रंथ आला, आयर्लंडच्या कर्वनने फ्लॉजिस्टनच्या बाजूने आख्खं पुस्तक लिहिलं होतं, त्यानेही १७९१ ला उघडपणे मान्य केलं.

तराजू

मी बरीच वर्षं एका केमिकल प्लांटच्या क्यूसी (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) लॅबमध्ये काम करतोय त्यामुळे तुमचे ते आकडे बघून राहवलं नाही, हिशोब करून पाहिला. मर्क्युरिक ऑक्साईडमध्ये ऑक्सिजन वजनाने साधारण ७.४ टक्के. म्हणजे ४५ ग्रेनमधून ३.३ ग्रेन ऑक्सिजन निघायला हवा. लॅव्हॉझिएचे ४५ वजा ४१.५, साडेतीन ग्रेन. फ्रेंच ग्रेन म्हणजे ५३ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळा फरक जेमतेम ०.०१ ग्रॅमचा! तेही बारा दिवस भट्टीवर ठेवलेल्या काचेतून खरवडून काढलेल्या भुकटीवर. आमच्याकडे नवीन आलेली मुलं मफल फर्नेसमधून (लॅबमधल्या बंद भट्टीतून) क्रुसिबल, म्हणजे मूस, काढून गरम असतानाच बॅलन्सवर ठेवतात, गरम भांड्याभोवती हवा वर चढते आणि वजन कमी दाखवतं, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) पूर्ण गार केल्याशिवाय रीडिंगला अर्थ नसतो हे त्यांना सांगत बसावं लागतं. त्या काळात डेसिकेटर नाही, इलेक्ट्रॉनिक बॅलन्स नाही, हवेतला ओलावा आहे, आणि तरी एवढं जवळ. हा माणूस वजनाच्या बाबतीत किती काटेकोर असेल हे ज्याने स्वतः ही कामं केलीत त्यालाच कळेल.

वायूचं पण जुळतं. तेवढा ऑक्सिजन फ्रेंच मापाने पावणेसात घन इंचाच्या आसपास यायला हवा, त्याने ७ ते ८ लिहिलंय. आणि ५० तले ७-८ म्हणजे १४-१६ टक्केच, हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, म्हणजे सगळा काही ओढला गेला नव्हता.

काचपात्र

तराजू, केवढं छान काम केलंत! हा हिशोब मी कुठे केलेला बघितला नव्हता. त्याची तराजू फोर्तँ आणि मेग्निए या कारागिरांनी बनवलेली होती, पॅरिसमधले सगळ्यात नावाजलेले लोक, आणि भरपूर महाग. तो पैसा कर गोळा करणाऱ्या कंपनीतल्या भागीदारीतून येत होता, त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे.

मूसवाले वैद्य

धागा वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली. आमच्या आयुर्वेदातल्या रसशास्त्रात भस्म नीट झालंय की नाही याच्या परीक्षा आहेत. वारितर म्हणजे पाण्यावर तरंगायला हवं, रेखापूर्ण म्हणजे बोटांच्या रेषांत शिरायला हवं इतकं बारीक. पण त्यातली अपुनर्भव परीक्षा तुमच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. भस्म घ्यायचं, त्यात गूळ, गुंजा, मध, तूप आणि टंकणखार (बोरॅक्स) घालून घोटायचं, मुशीत घालून धमवायचं. धातू परत दिसला तर भस्म कच्चं, परत पुटं द्या, म्हणजे पुन्हा भाजा. विद्यार्थी असताना ताम्रभस्मावर ही परीक्षा केली तेव्हा मुशीच्या तळाशी तांब्याचे बारीक लाल मणी दिसले, तेव्हा नुसतं 'नापास' एवढंच कळलं. गूळ-तूप जळून कोळसा होतो आणि तोच भस्मातला ऑक्सिजन ओढून घेतो, हे नंतर लक्षात आलं. श्टालला दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, गुळातलं फ्लॉजिस्टन गेलं भस्मात.

रसरत्नसमुच्चयात खर्परापासून (जस्ताच्या खनिजापासून) जस्त काढायची कृती पण अशीच आहे. हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, घरातली काजळी, टंकण असं घालून वृंताक मुशीत, म्हणजे वांग्याच्या आकाराच्या मुशीत, तापवायचं आणि सत्त्व, म्हणजे धातू, खाली पाडायचं.

उत्तररात्र

म्हणजे आपल्याकडे हे सगळं आधीच होतं, लॅव्हॉझिएच्या कितीतरी आधी. हे शाळेत का शिकवत नाहीत?

मूसवाले वैद्य

उत्तररात्र, काय होतं आणि काय नव्हतं ते वेगळं ठेवूया, त्यात आपल्या लोकांचाच मान आहे. जस्ताची वाफ ९०७ अंशांना होते आणि ती हवेला लागली की लगेच जळून पांढरं भस्म होतं, म्हणून बाकी धातूंसारखं जस्त उघड्या भट्टीत तळाशी गोळा होत नाही. उदयपूरजवळ झावरला शेकडो वर्षं जस्त काढत होते, तिथे वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशा ढिगांनी सापडल्यात, एका भट्टीत ३६ मुशा उलट्या लावायच्या, वर जाळ, खाली नळीतून वाफ गार भांड्यात उतरवायची. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्ताचं पेटंट घेतलं, त्याच्या कितीतरी आधीचं हे काम. ही करामत खरी आहे आणि ती पुराव्याने सिद्ध आहे, शिकवायलाच हवी. पण मुशीतून निघणारी हवा गोळा करून तोलावी असं आमच्या ग्रंथांत कुठे येत नाही, आणि लॅव्हॉझिएचं काम नेमकं तेच होतं.

काचपात्र

वैद्यबुवा, तुमचा प्रतिसाद धाग्याचा निम्मा भाग आहे असं समजा. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ मध्ये हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत छापला तेव्हा त्यांनीही ही मेहनत घेतली होती, पोथ्या वाचायच्या, कृती काय सांगते ते बघायचं, उगाच चढवायचं नाही. आणि ते स्वतः प्रयोगशाळेतले पाऱ्याचे माणूस, मर्क्युरस नायट्राईटवाले.

ओसरी

सगळे प्रीस्टली आणि लॅव्हॉझिए करतायत, बिचाऱ्या शेलेचं कुणी नावच घेत नाही! स्वीडनमधला औषधांच्या दुकानात काम करणारा माणूस, पदवी नाही, उपकरणं साधी, आणि त्याने ऑक्सिजन प्रीस्टलीच्या आधी, १७७१-७२ च्या सुमारास उप्सालात मिळवला होता. त्याला तो अग्निवायू म्हणायचा. पुस्तक छापायला दिलं ते रखडलं, बेर्गमानच्या प्रस्तावनेची वाट बघत बसले, बाहेर आलं १७७७ ला, तोवर सगळ्यांना प्रीस्टली माहीत झाला होता. ३० सप्टेंबर १७७४ ला त्याने लॅव्हॉझिएला पत्र लिहून हा वायू कसा मिळवायचा ते सांगितलं होतं, त्याचं उत्तर आल्याचं कुठे दिसत नाही. क्लोरीन पण त्यानेच काढला. ४३ व्या वर्षी गेला. मला तरी ऑक्सिजनचा शोध कुणी लावला या प्रश्नाला शेले असंच उत्तर द्यावंसं वाटतं.

काचपात्र

ओसरी, आधी हातात कुणाच्या आला तर शेले, शंकाच नाही. आधी छापला प्रीस्टलीने. पण दोघांनीही त्याला फ्लॉजिस्टनच्या भाषेतच बघितलं. लॅव्हॉझिएचं म्हणाल तर त्याने १७७५ च्या एप्रिलमध्ये अकादमीत जे वाचलं त्यात प्रीस्टलीचं नावही नव्हतं आणि तो त्या वायूला अजून साध्या हवेचंच शुद्ध रूप समजत होता, प्रीस्टलीनेच छापून ते दुरुस्त केलं, आणि १७७८ ला लॅव्हॉझिएने तो लेख बदलला. श्रेय देण्यात तो फार कंजूष होता, हे मला त्याच्याबद्दल अजिबात आवडत नाही.

वाळूचं घड्याळ

मारी-ॲन बाईंबद्दल पण लिहा ना कुणीतरी, नाहीतर मीच लिहिते. १३ व्या वर्षी लग्न झालं, १७७१ मध्ये. लॅव्हॉझिएला इंग्रजी येत नव्हतं म्हटलं तरी चालेल, प्रीस्टली, कॅव्हेंडिश यांचे लेख त्याला कळले ते या बाईंमुळे. वर कर्वनच्या पुस्तकाचा उल्लेख आलाय, त्याचं फ्रेंच भाषांतर बाईंनी केलं आणि त्यात जागोजागी फ्लॉजिस्टनविरोधी टिपा घालून छापलं, १७८८. विरोधकाचं पुस्तक त्याच्याच मुद्द्यांना उत्तरं देत छापायचं, मला ही कल्पना फार आवडते. चित्रकला त्या प्रसिद्ध चित्रकार दाविदकडे शिकल्या आणि १७८९ च्या ग्रंथातल्या उपकरणांच्या १३ तसबिरी त्यांच्या हातच्या आहेत. त्या चित्रांमुळे दुसऱ्या देशातला माणूस तीच भांडी बनवून तोच प्रयोग करू शकला. श्वासाच्या प्रयोगांचं एक चित्र आहे, लॅव्हॉझिएचा सहकारी सेगँ याच्या तोंडावर मुखवटा आणि बाजूला टेबलाशी बसून नोंदी घेणारी बाई, त्या स्वतःच.

८ मे १७९४ ला एकाच दिवशी त्यांचा नवरा आणि वडील दोघेही गिलोटिनवर गेले. त्यानंतर त्यांनी नवऱ्याचे राहिलेले लेख छापून घेतले.

निवांत

त्या खटल्यात न्यायाधीश म्हणाला होता ना, प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नाही? फार भयानक वाक्य आहे.

काचपात्र

ते वाक्य सगळीकडे छापलेलं असतं, पण खटल्याच्या वेळच्या कागदपत्रांत त्याला आधार मिळत नाही, नंतरच्या सांगण्यातून आलेलं आहे. त्याला रसायनशास्त्रासाठी मारलं नाही, करवसुलीच्या कंपनीचा भागीदार म्हणून मारलं, त्याच्याबरोबर आणखी २७ भागीदार होते. गणिती लाग्रांज म्हणाला असं मात्र सांगतात की हे डोकं उडवायला एक क्षण पुरला, असं दुसरं डोकं घडायला शंभर वर्षंही पुरायची नाहीत.

तिकडे इंग्लंडमध्ये प्रीस्टलीचंही काही बरं चाललं नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेतली म्हणून १७९१ च्या जुलैमध्ये बर्मिंगहॅममध्ये जमावाने त्याचं घर आणि प्रयोगशाळा जाळली, १७९४ ला तो अमेरिकेत गेला. १८०० साली त्याने फ्लॉजिस्टनचं समर्थन करणारं पुस्तक काढलं, तोवर त्याच्या बाजूला जवळजवळ कुणी उरलं नव्हतं, आणि १८०४ ला वारला. मला त्याच्याबद्दल आदरच वाटतो. ज्याने हाताने इतके वायू वेगळे केले त्याला आपली कल्पना सोडवेना, हे समजू शकतं.

अकरावी_ब

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. पारा आता वर्गात वापरत नाही आणि वापरूही नये, पण वजन वाढतं हे दाखवायला स्टील वूल घ्या, अगदी बारीक तारेचं, भांडी घासायची स्टेनलेसची जाळी चालत नाही. एक लाकडी फूटपट्टी मधोमध दोऱ्याने टांगायची, एका टोकाला पिंजून मोकळं केलेलं स्टील वूल तारेने बांधायचं, दुसऱ्या टोकाला कणकेचा गोळा, समतोल करायचा. पेटवायच्या आधी मुलांना विचारायचं काय होईल. बहुतेक सगळी मुलं म्हणतात जळेल ती बाजू वर जाईल, म्हणजे न शिकवता श्टालचीच असतात ती! मग पेटवायचं, ठिणग्या पळतात, तारा लाल होऊन काळ्या पडतात आणि ती बाजू हळूहळू खाली जायला लागते. खाली ताटली ठेवा, तुकडे गळून पडले तर उलटं दिसेल. त्यानंतर वर्गात जी शांतता होते आणि मग एकदम जे प्रश्न येतात त्यासाठी मी हा तास दरवर्षी घेते. फ्लॉजिस्टन मी आता पूर्ण तासभर शिकवते, परीक्षेला नसलं तरी.

काचपात्र

अकरावी_ब, अशा शिक्षिका सगळ्यांना मिळोत. तुमच्या मुलांना हेही सांगा की लॅव्हॉझिएचं सगळं बरोबर नव्हतं. १७८९ च्या ग्रंथात त्याने ३३ मूलद्रव्यांची यादी दिली, तिच्यात प्रकाश आणि उष्णता ही पण मूलद्रव्यं म्हणून आहेत, उष्णतेला तो वजन नसलेला द्रव समजत होता. सगळ्या आम्लांत ऑक्सिजन असतोच असं त्याने धरलं होतं, ते डेव्हीने १८१० मध्ये क्लोरीन मूलद्रव्य आहे असं सांगून मोडलं, कारण मिठाच्या आम्लात ऑक्सिजन सापडेचना.

उत्तररात्र

एक शेवटचं विचारतो. फ्लॉजिस्टन मानणाऱ्यांनी केलेल्या कामातलं पुढे काय उरलं? कल्पना गेली म्हणजे प्रयोगही गेले का?

काचपात्र

प्रयोग जसेच्या तसे उरले. प्रीस्टलीने साधी हवा दोन माप आणि नायट्रिक ऑक्साईड एक माप पाण्यावर मिसळलं की १.८ माप उरतं असं मोजलं होतं, त्यावरून हवा किती चांगली ते ठरवायचा, ती पद्धत सगळ्यांनी वापरली, लॅव्हॉझिएनेही. १७७१ च्या १७ ऑगस्टला त्याने मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिन्याची काडी ठेवली आणि २७ तारखेला त्याच हवेत मेणबत्ती नीट जळाली, वनस्पती हवा सुधारतात हे तिथून आलं.

कॅव्हेंडिशचं तर अजून पुढे गेलं. १७८५ मध्ये त्याने हवेतल्या नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन घालून विजेच्या ठिणग्या सोडल्या, तयार झालेला वायू अल्कलीत शोषून घेतला, पुन्हा ऑक्सिजन, पुन्हा ठिणग्या. कितीही केलं तरी शेवटी एक बारीक बुडबुडा उरायचा जो कशातच जाईना. त्याने लिहून ठेवलं की हा नायट्रोजनच्या १/१२० भागापेक्षा जास्त नाही. त्याच्या लेखी नायट्रोजन म्हणजे फ्लॉजिस्टनने भरलेली हवा. पुढे रेलीला हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड का भरतो ते कळेना, तेव्हा तो आणि रॅम्झे कॅव्हेंडिशच्या त्या जुन्या लेखाकडे गेले, रेलीने तोच ठिणग्यांचा प्रयोग परत केला, रॅम्झेने तापलेल्या मॅग्नेशियमवरून नायट्रोजन पुन्हा पुन्हा फिरवला, आणि १८९४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की तो बुडबुडा म्हणजे नवं मूलद्रव्य आहे, आरगॉन.